दिनविशेष : ११ ऑगस्ट

१९२३ : मंगोलियाच्या गोबी वाळवंटात, 'फ्लेमिंग क्लिफ्स' या तांबड्या कड्यांपाशी पीटर कायसेन यांना चेपलेली पण अखंड कवटी आणि कोयत्यासारखे वाकडे नख मिळाले. पुढच्या वर्षी हेन्री ऑसबोर्न यांनी या शिकारी डायनासोरचे 'वेलोसिरॅप्टर' असे बारसे केले.

'जुरासिक पार्क'ने त्याला माणसाच्या उंचीचा आणि खवलेदार केला. चित्रपटाला तेवढे माफ! प्रत्यक्षात तो कमरेलाही न लागणारा, १५-२० किलोंचा प्राणी. २००७मध्ये त्याच्या हाताच्या हाडावर पिसांच्या मुळांचे सहा उंचवटे आढळले. उडता मात्र येत नव्हते. १९७१मध्ये मिळालेल्या जीवाश्मात तो प्रोटोसेराटॉप्स या दुसऱ्या डायनासोरशी झुंजतानाच गाडला गेलेला दिसतो: त्याचे नख शत्रूच्या मानेशी, उजवा हात शत्रूच्या जबड्यात.