आकड्यांचं पीक

ऑगस्ट १९५८. चीनच्या कम्युनिस्ट पक्षाच्या ‘पीपल्स डेली’ या वर्तमानपत्रात एक फोटो आला. हुबेई प्रांतातलं भाताचं खाचर, आणि लोंब्यांवर चक्क उभी असलेली मुलं. पीक इतकं दाट, की मुलांचं वजन पेललं!

फोटो बनावट होता. आजूबाजूच्या खाचरांतलं पिकत आलेलं भात उपटून एकाच खाचरात कोंबलं होतं.

हे करायची गरज का पडली? त्या वर्षी माओ त्सेतुंगनं ‘मोठी झेप’ जाहीर केली होती. पोलादात १५ वर्षांत ब्रिटनला मागं टाकायचं होतं. १९५७ मध्ये पोलादाचं उत्पादन होतं ५३.५ लाख टन. १९५८ चं लक्ष्य त्याच्या दुप्पट. गावोगावी मातीच्या भट्ट्या पेटल्या. घरातल्या कढया, अवजारं वितळली. निघालं ते बरचसं निरुपयोगी लोखंड. माणसं भट्टीवर, तर उभं पीक शेतात सडत राहिलं.

त्याच सुमारास सगळा ग्रामीण चीन सुमारे २६ हजार कम्यूनमध्ये बांधला गेला. जमीन सामायिक, गुरं सामायिक, जेवणही सामायिक भटारखान्यात. घरची चूल विझली.

आता प्रत्येक कम्यूनला शेजाऱ्यापेक्षा मोठा आकडा सांगायचा होता. खरं सांगणारा ‘मागासलेला’ ठरायचा. गावाचा आकडा जिल्ह्यात फुगायचा, जिल्ह्याचा प्रांतात. १९५८ मध्ये धान्य पिकलं सुमारे २० कोटी टन. जाहीर झालं ३७.५ कोटी.

खोटं एवढ्यावर थांबलं असतं, तर विनोद म्हणून सोडून देता आलं असतं. पण सरकार आपला वाटा त्या फुगलेल्या आकड्यावर मागत होतं. १९५९ मध्ये पीक घटलं, तरी वसुली वाढली. त्याच वर्षी ४० लाख टनांहून जास्त धान्य निर्यातही झालं. भटारखाने रिकामे पडले. घरी शिजवावं तर दाणा नाही, आणि कढई तर आधीच भट्टीत गेलेली.

हेनान प्रांतातल्या शिनयांगमध्ये अधिकाऱ्यांनी ठरवलं, की शेतकऱ्यांनी धान्य दडवलंय. मारहाण झाली, रस्ते अडवले गेले, मदत मागणारी पत्रं टपालातच रोखली. सुमारे ८० लाख वस्तीच्या या भागात १० लाखांच्या आसपास माणसं मेली.

सांगणारं कुणीच नव्हतं का? होतं. जुलै १९५९ मध्ये लुशानच्या बैठकीत संरक्षणमंत्री पेंग देहुआईनं माओला पत्र लिहून चुका दाखवल्या. त्याचं मंत्रिपद गेलं. मग खाली कोण तोंड उघडणार?

१९६२ पर्यंत किती माणसं मेली, याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. त्या वर्षी खुद्द राष्ट्राध्यक्ष लिउ शाओचीनं हुनानच्या शेतकऱ्यांचा हिशेब पक्षासमोर मांडला: संकटात निसर्गाचा वाटा तीन भाग, माणसांचा सात.

पत्रकार यांग जिशेंगचे वडील १९५९ मध्ये उपासमारीनं गेले. तेव्हा तो शाळेत होता आणि मोठ्या झेपेचं कौतुक लिहीत होता. ही फक्त आपल्या घरावर आलेली वेळ आहे, असंच त्याला वाटलं. देशभरातल्या मृत्यूंचा हिशेब त्यानं पुढं पुस्तकात मांडला. ते २००८ मध्ये हाँगकाँगला छापलं गेलं. मुख्य भूमीवर त्यावर बंदी आहे.