उताराने घडवलेला ब्रेक : खानदेशच्या घाटांतून एक इतिहास

1/ उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मधून वाहणारी तापी. या दोन्ही दिशांनी खानदेशात येणारा वाटसरू शतकानुशतके घाट उतरूनच आत आला आहे. चढाच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. आजचा थ्रेड उताराचा, म्हणजेच ब्रेकचा.

2/ 4 जुलै 2023. मुंबई-आग्रा महामार्ग, शिरपूर तालुक्यातील पळासनेर. मध्य प्रदेशातून धुळ्याकडे उतरणारा कंटेनर ब्रेक निकामी झाल्याने वाहनांना धडकत रस्त्याकाठच्या हॉटेलात शिरला. किमान 10 जणांचा जीव गेला. ‘ब्रेक फेल’ हे शब्द आपण बातमीत वाचतो आणि पुढे जातो. त्यांचा अर्थ इतिहासात शोधू या.

3/ आधी थोडे भौतिकशास्त्र. ब्रेक गतीचे रूपांतर उष्णतेत करतो. 25 टनांचे वाहन 300 मीटर उंचीवरून उतरले, तर मुक्त होणारी ऊर्जा सुमारे 250 लिटर पाण्याला उकळी आणू शकेल इतकी असते. इंजिनाने त्यातला वाटा उचलला नाही, तर जवळजवळ सगळा भार ब्रेकच्या लोखंडावर पडतो.

4/ ऑगस्ट 1888. बर्था बेन्झ पतीने बनवलेली मोटार घेऊन जर्मनीतील मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या. वाटेतल्या उतारांवर लाकडी ब्रेक झिजले. त्यांनी एका चांभाराकडून ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. मोटारीच्या ब्रेकला अस्तर लावण्याची कल्पना अशी भर रस्त्यात सुचली. आजच्या ब्रेक पॅडचे मूळ त्या चामड्यात आहे.

5/ इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी पाहिले की, डोंगर उतरणारे गाडीवान लाकडी ठोकळ्यांना जुन्या बुटांचे तुकडे ठोकतात. त्यातूनच 1897 मध्ये त्यांचा अस्तरांचा उद्योग सुरू झाला आणि ‘फेरोडो’ हे नाव रूढ झाले. पुढे ते घाटकोपरच्या ‘हिंदुस्थान फेरोडो’ कारखान्याच्या रूपाने मुंबईतही आले.

6/ 1902 हे वर्ष लक्षात ठेवा. फ्रान्समध्ये लुई रेनॉ यांनी ड्रम ब्रेक आणला, तर इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. डिस्कवर घासणारे तांबे कर्कश ओरडे आणि धुळीच्या रस्त्यांवर झपाट्याने झिजे. कल्पना योग्य होती, पण तिला पेलणारा पदार्थ उपलब्ध नव्हता. पुढची पाच दशके ड्रमचीच राहिली.

7/ ड्रमची उणीव बंदिस्तपणात आहे. तापला की तो फुगून अस्तरापासून दूर सरकतो. डिस्क मात्र वाऱ्यात उघडी असते. 1953 च्या ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार सी-टाइप जिंकली. पुन:पुन्हा तापूनही न थकणारा ब्रेक जगाने तेथे पाहिला.

8/ या प्रगतीला काळी बाजू आहे. अस्तरांत दीर्घकाळ ॲस्बेस्टॉस वापरले गेले. त्याच्या धुळीने कामगारांची फुप्फुसे निकामी होतात. ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये आरोग्य हा कामगाराचा मूलभूत हक्क मानला. आपला प्रवास सुरक्षित करणाऱ्या वस्तूची किंमत अशीही मोजली गेली.

9/ आता आजचा प्रश्न : रस्त्यासाठी कोणते पॅड, ट्रॅकसाठी कोणते? रस्त्यावरचे सेंद्रिय वा सिरॅमिक पॅड थंड असतानाच पकड देतात, आवाज कमी करतात आणि डिस्क जपतात. शर्यतीचे पॅड तापल्यावर खुलतात. सकाळी कॉलेजला निघताना पहिल्याच चौकात तेच पॅड कमी पकडतात. सेमी-मेटॅलिक पॅड बहुधा या दोहोंच्या मधले.

10/ डिस्क, म्हणजेच रोटर. दोन पत्र्यांमध्ये हवेला वाट ठेवलेली जाड डिस्क लवकर निवते. भोके पाडलेली डिस्क देखणी असते, पण वारंवार अति तापल्यास भोकांच्या कडांपासून तडे जातात. म्हणून ट्रॅकवर अनेकजण चरे पाडलेली किंवा साधी डिस्क पसंत करतात.

11/ चाळीसगाव-कन्नड दरम्यानचा औट्रम घाट आठवा. 1825 मध्ये खानदेशात येऊन भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स आउट्रमचे नाव त्याला आहे. 1,200 किलोची मोटार केवळ ब्रेकच्या भरवशावर 300 मीटर उतरली, तर ताशी 100 किमी वेगावरून 7-8 वेळा लागोपाठ थांबण्याइतकी उष्णता निर्माण होते. म्हणजे रोजच्या प्रवासातच ट्रॅक दडलेला आहे.

12/ ब्रेक ऑइलही विसरू नका. ते हवेतील ओलावा शोषते. नव्या डॉट 4 ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो. ओलावा मुरल्यावर हे प्रमाण किमान 155 अंश इतकेच धरले जाते. ऑइल उकळले की त्यात वाफ होते, पेडल खाली जाते आणि गाडी थांबत नाही. ‘ब्रेक फेल’चा एक अर्थ हा.

13/ चामडे, तांबे, ॲस्बेस्टॉस, सिरॅमिक : प्रत्येक पदार्थ आपल्या काळातील उष्णतेला दिलेले उत्तर होता. सर्वांत भारी पॅड असे काही नसते. आपल्या वाटेला साजेसे पॅड असते. आणि जुन्या चालकांचा नियम सर्वांहून स्वस्त : ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा.

चूकभूल द्यावी घ्यावी. थ्रेड समाप्त.