पेशीअंगकांचा उगम

दृश्यकेंद्रकी पेशीतील तंतुकणिका आणि हरितलवके ही अंगके मूळचे स्वतंत्र जीवाणू होत. दुसऱ्या पेशीत शिरून ते तिथलेच झाले, हा अंतःसहजीवनाचा सिद्धांत. हरितलवकांबाबत तो रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ कॉन्स्टँटिन मेरेझ्कोव्स्की यांनी 1905 मध्ये मांडला. लिन मार्ग्युलिस यांच्या 1967 च्या निबंधाने त्याला नवे बळ दिले आणि पुढे अंगकांमधील आरएनएच्या तपासणीने तो पक्का झाला. तंतुकणिकेचे पूर्वज आल्फाप्रोटिओबॅक्टेरियांच्या नात्यातले, हरितलवकाचे सायनोबॅक्टेरियांतले. दोन्ही अंगके आजही जीवाणूंप्रमाणे दुभंगून वाढतात आणि स्वतःचा डीएनए बाळगतात. मात्र माणसाच्या तंतुकणिकेत उरली आहेत केवळ 37 जनुके. बाकीची केंद्रकात गेली किंवा नाहीशी झाली.

या इतिहासाचे वेगवेगळे टप्पे मालवणच्या कातळावर शेजारीशेजारी पाहता येतात. पावसाळा सरला की मोठ्या सुकतीला उघड्या पडलेल्या खडकांवर शैवलांपैकी पोपटी उल्वा दिसते. तिची पात पेशींच्या दोनच थरांची, इतकी पातळ की बोटावर ताणली तर मागचे बोट दिसते. तिच्या हरितलवकाभोवती दोन पटले असतात. खालच्या अंगाला लहान गोल हवाफुगे मिरवणारे तपकिरी सरगॅसम असते. त्याच्या हरितलवकाभोवती पटले चार. कारण त्याच्या पूर्वजांना हे लवक थेट जीवाणूकडून मिळालेले नाही, ते लाल शैवलाच्या पेशीकडून आले आहे. आधीच जीवाणू पोटात घेतलेली पेशी पुन्हा दुसऱ्या पेशीत सामावली गेली.

सर्वांत बोलके उदाहरण पाण्याखाली आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवले राहतात आणि प्रकाशसंश्लेषणाने केलेल्या अन्नाचा मोठा वाटा यजमानाला देतात. या शैवलांचे लवकही लाल शैवलाच्याच वंशातले. तरीही खुद्द शैवलाला प्रवाळाचे अंगक म्हणता येत नाही. त्याचे केंद्रक शाबूत आहे, प्रवाळाबाहेरही ते जगू शकते आणि अनेक जातींच्या प्रवाळांची पिल्ले ते समुद्रातून नव्याने मिळवतात. पाहुण्याची जनुके कमी झाली आणि त्याला लागणारी प्रथिने यजमान पुरवू लागला, म्हणजे अंगक झाले. सहजीवन कितीही जवळचे असले तरी ही कसोटी सोडू नये. ब्रारुडोस्फेरा या सागरी शैवलातील नायट्रोजन स्थिर करणारा जीवाणू या कसोटीला उतरला, म्हणून 2024 मध्ये त्याला ‘नायट्रोप्लास्ट’ हे अंगकाचे नाव मिळाले.

प्रवाळाचा करार मात्र मोडू शकतो. पाणी फार तापले की शैवले बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरे पडते. शैवले वेळेत परतली नाहीत तर उपासमारीने मरते. किल्ल्याच्या परिसरातील हे प्रवाळ मालवण सागरी अभयारण्यात येतात. ते अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झाले, त्याचे क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर आहे. तिथे पाण्यात उतरणाऱ्याने प्रवाळावर पाय देऊ नये आणि बोटीचा नांगर त्यावर टाकू देऊ नये.