मूत्रमार्गाची कृत्रिम झडप

मुतखडा काढतांना ‘मूत्रप्रसेक’ ह्या भागास इजा झाली, तर मूत्र सतत ठिबकत राहतें, असा इशारा सुश्रुतसंहितेंत दिलेला आहे. विसाव्या शतकांत ह्या व्याधीस निराळें निमित्त मिळालें. कर्करोगासाठीं प्रोस्टेट ग्रंथि समूळ काढली, कीं मूत्र रोखणारा आकुंचक स्नायु कांहीं पुरुषांत दुर्बल होतो. नुसत्या खोकल्यानें वस्त्र भिजतें. पुष्कळांस वर्षभरांत व्यायामानें उतार पडतो. ज्यांस पडत नाहीं, त्यांच्यासाठीं शस्त्रवैद्यांची ही खटपट.

ज्यांच्या नांवाची फुग्याची नळी आज दवाखान्यादवाखान्यांत आढळते, त्या अमेरिकेंतील फ्रेडरिक फोले ह्यांनीं १९४७ मध्यें मूत्रनलिकेभोंवतीं फुगणारें कडें घालण्याची युक्ति प्रसिद्ध केली. कडें अंगाबाहेर, आणि तें फुगविण्याचें साधन खिशांत! पुढें १९६१ मध्यें बेरी ह्यांनीं ॲक्रिलिकचा ठोकळा आंत बसवून नलिका दाबून धरली. पण ठोकळा जागचा हले. शिवाय त्याचा दाब रोग्याच्या इच्छेनें सैल होत नसे, आणि खरी उणीव हीच होती.

ती ह्यूस्टनचे ब्रॅन्टली स्कॉट ह्यांनीं ब्रॅडली व टिम ह्यांच्या सहकार्यानें भरून काढली. त्यांचें सिलिकोनचें यंत्र १९७२ मध्यें प्रथम बसविलें गेलें. १९८३ मध्यें त्यास आजचें रूप आलें. मूत्रनलिकेभोंवतीं कडें, पोटांत द्रवाचा फुगा, वृषणकोशांत पंप. पंप दाबला कीं कड्यांतील द्रव फुग्यांत जातो व लघवी होते. कांहीं मिनिटांत तो आपोआप परततो. गळती थोडी असेल, तर नलिकेस आधार देणारी जाळीची पट्टीहि चालते. ऑस्ट्रियांतील रेडर व गोत्सी ह्यांनीं तिचा एक प्रकार २००७ मध्यें प्रसिद्ध केला. तींत पंपाचा व्याप नाहीं. गळती फार असल्यास मात्र स्कॉट ह्यांचीच वाट धरावी लागते.

यंत्र महाग, आणि तें कायमचेंहि नव्हे. दहाएक वर्षांत अनेकांस पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागते. पण त्याहून बिकट प्रसंग वेगळाच. असा रोगी नंदुरबार जिल्ह्यांतील चिंचपाड्यासारख्या गांवीं, सुरत-भुसावळ रेल्वेच्या वाटेवर, दुसऱ्याच आजारानें बेशुद्ध होऊन दवाखान्यांत आला, तर पहिल्या उपचारांतच लघवीची नळी घातली जाण्याचा संभव असतो. कडें रिकामें करून पंपावरील कळीनें तें बंद न ठेवतां नळी सारली, कीं नलिका दुखावते. कडें तिच्यांत घुसूं शकतें, आणि मग सारें यंत्र काढून टाकावें लागतें. ती नळी बहुधा फोले ह्यांचीच! यंत्र अंगावर दिसत नाहीं, आणि संकोचापायीं पुष्कळांनीं तें घरांतहि सांगितलेलें नसतें. म्हणून रोग्यानें यंत्राचें ओळखपत्र सदैव खिशांत बाळगावयाचें असतें, व निदान पत्नीस किंवा मुलास त्याची माहिती देऊन ठेवावयाची असते.