ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे आयुष्य तेलावर

जळगाव/धुळे, प्रतिनिधी : वैशाखात खानदेशचा पारा ४४-४५ अंशांवर जाऊन स्थिरावतो. अशा उन्हात चाळीसगावहून कन्नडचा घाट चढणारी एखादी छोटी ऑटोमॅटिक मोटार मध्येच दम टाकते. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज वाढतो, मात्र वेग वाढत नाही. चालकाला वाटते, इंजिन गेले. वास्तविक इंजिन ठणठणीत असते; आजार गिअरबॉक्सचा असतो. त्यामागील एक प्रमुख कारण अगदी साधे असते. गिअरबॉक्समधील तेल वर्षानुवर्षे कोणी बदललेलेच नसते.

ऑटोमॅटिक मोटार ही एके काळी बड्यांची चैन समजली जाई. मारुती झेन, ह्युंदाई सँट्रो यांच्या ऑटोमॅटिक आवृत्त्या बाजारात आल्या तरी खानदेशात त्या क्वचितच दिसत. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुती सेलेरिओ ही एएमटी गिअरबॉक्सची मोटार आली आणि चित्र पालटले. पुढे अल्टो के-१०, टाटा नॅनो, रेनॉ क्विड, टियागो यांनीही तीच वाट धरली. धुळ्याच्या आग्रा रोडवरील वा जळगावच्या फुले मार्केटलगतच्या गर्दीत क्लच दाबून गुडघा दुखवून घेण्यापेक्षा ऑटोमॅटिक बरी, असे ज्येष्ठांना आणि नवशिक्यांना वाटू लागले. सोय आली, परंतु देखभालीची माहिती मात्र तितक्या वेगाने आली नाही.

तीन जाती, तीन प्रकृती

'ऑटोमॅटिक' हे एकच नाव असले तरी छोट्या मोटारींत प्रामुख्याने तीन प्रकारचे गिअरबॉक्स आढळतात. आपली मोटार कोणत्या जातीची, हे प्रथम जाणून घेतले पाहिजे.

पहिला प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. जुनी आय-१०, ए-स्टार, होंडा ब्रिओ या मोटारींत तो होता. यात इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामध्ये नेहमीचा क्लच नसतो. तेलाच्या प्रवाहातून शक्ती पुढे जाते. दुसरा प्रकार सीव्हीटीचा. यात ठरावीक गिअर नसतात. दोन पुलींमध्ये पोलादी पट्टा फिरतो आणि पुलींचा व्यास बदलून वेग साधला जातो. होंडा जॅझ आणि २०२२ पूर्वीच्या बलेनोमध्ये हा गिअरबॉक्स मिळे. तिसरा प्रकार एएमटी. हा मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच होय. फक्त क्लच दाबण्याचे व गिअर टाकण्याचे काम चालकाऐवजी यंत्रणा करते.

पहिल्या दोन प्रकारांत तेल हाच यंत्राचा प्राण. एएमटीमध्ये गिअर ऑइल साधे असते, परंतु काही मोटारींत क्लच व गिअर हलविणाऱ्या यंत्रणेचे हायड्रॉलिक ऑइल वेगळे असते. त्याची पातळी उतरली की गिअर पडेनासा होतो.

तेलाची चार कामे

इंजिन ऑइल मुख्यतः वंगणाचे काम करते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील तेलावर मात्र चार जबाबदाऱ्या असतात. ते शक्ती व दाब वाहून नेते, दंतचक्रे आणि बेअरिंगला वंगण पुरवते, उष्णता बाहेर नेते आणि आतील क्लच प्लेटा नेमक्या किती घसराव्यात व केव्हा पकडाव्यात, हेही ठरविते. म्हणूनच या तेलात अनेक रसायने मिसळलेली असतात. तेल जुने झाले की ही रसायने संपतात. पकड ढिली पडते, प्लेटा घसरतात, घसरल्याने आणखी तापतात आणि जळालेल्या प्लेटांची भुकटी तेलात मिसळून बारीक झडपांत अडकते. बिघाडाचे हे चक्र एकदा सुरू झाले, की नुसते तेल बदलून ते थांबत नाही.

उष्णता हाच खरा शत्रू

तापमानात दर १० अंशांची वाढ झाली, की तेलाचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा तेलशास्त्रातील ढोबळ नियम आहे. खानदेशातील उन्हाळा, रस्त्यावरील फुफाटा, गर्दीतील सततचे थांबणे-निघणे आणि कन्नड, कोंडाईबारी, लळिंगसारखे घाट यांचा विचार करता येथील मोटारी 'कठीण परिस्थितीत' चालतात, असेच म्हणावे लागेल. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत अशा वापरासाठी तेलबदलाचे वेगळे, कमी अंतर दिलेले असते. ते पान सहसा कोणी उघडत नाही.

तेलाची निवडही किती नाजूक असते, याचे उदाहरण फोक्सवॅगनने दिले आहे. सात वेगांच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्समधील कृत्रिम तेलामुळे उष्ण व दमट हवामानात विद्युत बिघाड होऊ शकतो, असे आढळल्यावर नोव्हेंबर २०१३ मध्ये या कंपनीने जगभरातील सुमारे १६ लाख मोटारींत ते बदलून खनिज तेल भरून देण्याचे जाहीर केले होते.

लक्षणे ओळखा

- 'डी' किंवा 'आर' टाकल्यावर मोटार लगेच न हलता क्षणभराने धक्का देऊन निघणे.
- इंजिनाचा आवाज वाढूनही वेग न वाढणे.
- गिअर बदलताना झटका बसणे. सीव्हीटीत कंप किंवा गुणगुण जाणवणे.
- तेलाला जळका वास येणे, मूळ लालसर वा सोनेरी तेल काळपट तपकिरी होणे.
- तेल गुलाबी दुधासारखे दिसणे. रेडिएटरमधील कुलंट गिअरबॉक्सच्या तेलात मिसळल्याची ही खूण आहे. अशी मोटार पुढे चालवू नये.
- मोटार उभी राहते तेथे जमिनीवर तेलाचे डाग पडणे.

तेल कोणते, केव्हा, कसे?

गिअरबॉक्सचे तेल कायमचे असते, बदलावे लागत नाही, असा समज रूढ आहे. तो धोकादायक आहे. आपल्या हवामानात टॉर्क कन्व्हर्टर व सीव्हीटीचे तेल साधारण ४० ते ६० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलणे शहाणपणाचे ठरते. पुस्तिकेत यापेक्षा कमी अंतर दिले असल्यास तेच पाळावे.

तेलाची प्रत पुस्तिकेत लिहिलेलीच हवी. जुन्या आय-१० ला एसपी-३ प्रतीचे तेल लागते, तर होंडाच्या अलीकडच्या सीव्हीटीला एचसीएफ-२. सीव्हीटीमध्ये साधे ऑटोमॅटिक तेल भरल्यास पोलादी पट्टा घसरून पुलीवर चरे पडतात आणि संपूर्ण गिअरबॉक्स निकामी होऊ शकतो. 'सगळ्याला चालते' असे सांगून सुटे तेल देणाऱ्यापासून दूर राहिलेले बरे.

खालचा बोल्ट काढल्यावर सर्व तेल बाहेर पडत नाही; बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहते. त्यामुळे काही दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा थोडे थोडे तेल बदलणे हा सुरक्षित मार्ग आहे. फिल्टर किंवा जाळी असल्यास तीही पाहावी. यंत्राच्या दाबाने जुन्या गिअरबॉक्सची धुलाई करणे मात्र टाळावे. त्यामुळे साचलेला गाळ सुटून झडपांत अडकण्याची भीती असते.

पातळी तपासताना मोटार सपाट जागी असावी व तेल गरम असावे. बहुतेक मोटारींत इंजिन सुरू ठेवून, तर काहींत बंद करून पातळी पाहतात. अनेक नव्या मोटारींत डिपस्टिकच नसते. तेथे ठरावीक तापमानाला पातळी तपासावी लागते. हे काम जाणकारानेच करावे. तेल जास्त भरल्यासही फेस होऊन दाब पडतो.

टोचन करताना सावध

बंद पडलेली ऑटोमॅटिक मोटार धक्का मारून सुरू होत नाही. महामार्गावर ती बंद पडली की ट्रॅक्टरला दोर बांधून जवळच्या गावापर्यंत ओढून नेण्याची आपल्याकडे रीत आहे. येथेच मोठे नुकसान होते. गिअरबॉक्समधील तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाके फिरती असली, की आतील भाग कोरडेच घासतात. अशी मोटार पुढची चाके उचलून किंवा संपूर्णपणे गाडीवर चढवूनच न्यावी. एएमटी न्यूट्रलमध्ये असेल तर ओढता येते. गिअरमध्ये अडकली असेल तर तीही उचलूनच न्यावी.

एएमटीच्या चालकांनी आणखी एक पथ्य पाळावे. चढावर ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून मोटार रोखून धरू नये. त्यामुळे क्लच जळतो. हँडब्रेक लावावा.

जुनी मोटार घेताना

मुंबई-पुण्याहून वापरलेली ऑटोमॅटिक मोटार घ्यायची असल्यास गिअरबॉक्सच्या तेलबदलाच्या पावत्या मागाव्यात. पावती नसल्यास भाव त्या हिशेबाने ठरवावा. इंजिन थंड असताना ती सुरू करून 'डी' व 'आर' दोन्ही टाकून पाहावेत. अर्धा तास चालवून, तापल्यावर चढावर न्यावी. बिघाड लपविलेला असेल तर तो बहुधा तापल्यावरच उघड होतो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करणारे कुशल कारागीर प्रत्येक गावी मिळत नाहीत, आणि दुरुस्तीचा खर्च जुन्या मोटारीच्या किमतीशी बरोबरी करू शकतो. सेवानिवृत्तीच्या पैशांतून घेतलेली मोटार अशा एका बिघाडाने दारात उभी राहते. त्या तुलनेत तेलबदलाचा खर्च किरकोळ म्हणावा लागेल. यंदा उन्हाळ्यापूर्वीच्या सर्व्हिसिंगला मोटार देताना इंजिन ऑइलबरोबरच 'गिअरबॉक्सचे तेल केव्हा बदलले होते?' एवढा प्रश्न अवश्य विचारावा.