वाण, वंश आणि वळू : मराठवाड्यातील रंगनिवडीचा इतिहास

मराठीत ‘वाण’ या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि ते एकाच मुळातून फुटलेले आहेत. संस्कृतातील ‘वर्ण’ प्राकृतात ‘वण्ण’ झाला आणि तेथून तो मराठीत ‘वाण’ या रूपाने आला. तेव्हा त्याचा पहिला अर्थ रंग असा होता, पण कालांतराने जात, प्रकार, बियाण्याचा विशिष्ट वंश हाही अर्थ त्याला चिकटला. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो, ही म्हण शेतकऱ्याच्या दावणीवर घडलेली आहे. त्यातील ढवळा म्हणजे धवल, पांढरा बैल आणि पवळा म्हणजे पोवळ्याच्या रंगाचा, तांबूस बैल; संगतीने खोड लागते, पण रंग लागत नाही, कारण रंग रक्तातून येतो, हे निरीक्षण त्या म्हणीत गृहीत धरलेले आहे. ज्या समाजाने रंग आणि वंश यांना एकच शब्द दिला, त्या समाजाच्या पशुपालनात रंग पाहून पैदास करण्याची परंपरा कशी वाढली आणि तिचे प्रयोजन काय होते, याचा विचार मराठवाड्याच्या संदर्भात विशेष उद्बोधक ठरतो.

छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेला, अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले हर्सूल हे आता महानगराचा भाग झाले असले, तरी तलाव, हरसिद्धी देवीचे मंदिर आणि भोवतीची काळी जमीन यांमुळे त्याचे मूळ शेतीगावाचे रूप अजून ओळखू येते. या परिसराचा स्वतःचा असा नावाजलेला गोवंश नाही. मात्र पश्चिमेला इगतपुरी-अकोल्याच्या डोंगरात डांगी, उत्तरेला खानदेशात तापीकाठची खिल्लार आणि आग्नेयेला नांदेड-लातूरकडे लाल कंधारी व देवणी, अशा चार गोवंशांच्या पट्ट्यांमध्ये तो येतो. यांपैकी प्रत्येक गोवंश शेतकरी दुरून ओळखतो तो प्रथम रंगावरून. डांगी पांढरी असून तिच्यावर तांबडे किंवा काळे तुटक ठिपके असतात, खिल्लार दुधी ते राखाडी असते, लाल कंधारी एकसारखी गडद तांबडी असते आणि देवणीच्या पांढऱ्या अंगावर काळ्या रंगाची ठरावीक मांडणी दिसते. हे रंग निसर्गाने आपोआप वाटून दिलेले नाहीत. अनेक पिढ्यांच्या निवडीतून ते स्थिर झालेले आहेत.

जनावराच्या बाह्य लक्षणांवरून त्याचे मोल ठरवण्याचे शास्त्र भारतात जुने आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिता’ या ग्रंथात गोलक्षणांवर स्वतंत्र अध्याय आहे, तर कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ज्ञानकोशात घोड्यांच्या रंगांचा आणि खुणांचा विचार आढळतो. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. ते देवणीच्या मूळ पट्ट्याला लागूनच आहे. अर्थात ग्रंथातील लक्षणे राजाच्या पागेसाठी होती, तर गावातील ज्ञान तोंडी होते. अंगावरील केसांचा भोवरा कोठे आहे, शिंगे कशी वळली आहेत, कपाळावर चांद आहे काय, आणि जनावर अदंत, दोनदाती, चारदाती की जुळलेले आहे, यावरून त्याची पारख होई. या पारखीत शुभाशुभाच्या समजुती मिसळलेल्या असल्या, तरी तिचा गाभा अनुभवाचा होता.

या पारखीला पैदाशीचे रूप मिळे ते वळूच्या निवडीतून. गायीला वर्षाकाठी फार तर एक वासरू होते, पण एक वळू अनेक गायींना पुरतो; म्हणून कळपाचा पुढचा रंग आणि बांधा ठरवण्याची किल्ली नराच्या हाती असते. गोऱ्हा मोठा होऊन खोंड झाला की त्याला खच्ची करून, म्हणजे त्याची प्रजननशक्ती नाहीशी करून, बैल बनवायचे की वळू म्हणून राखायचे, हा निर्णय घ्यावा लागे. ज्याचा रंग वंशाला साजेसा नाही, ज्याची शिंगे विषम आहेत किंवा चाल बिघडलेली आहे, असा खोंड खच्ची होऊन नांगराला जाई आणि त्याचे रक्त तेथेच थांबे. उत्तम लक्षणांचा खोंड मात्र राखला जाई किंवा देवाच्या नावाने सोडला जाई. असा सोडलेला वळू सबंध गावाचा असे आणि शेतात शिरून चरला तरी त्याला सहसा मारत नसत. आज ज्याला निवडक पैदास म्हणतात, तिचे सर्व मुख्य घटक या व्यवस्थेत होते. तिच्यात नव्हती ती फक्त लेखी वंशावळ, आणि ती उणीव रंग भरून काढत असे. निवडीने स्थिर झालेल्या कळपात भलत्याच रंगाचे वासरू जन्मले, तर परका वळू लागला असावा अशी शंका मालकाला येई. रंग ही कागदाशिवाय वाचता येणारी नोंदवही होती.

एकसारख्या रंगाचा आग्रह धरण्यामागे बाजाराचेही कारण होते. बैल एकटा विकला जात नाही, जोडीने विकला जातो. आणि चांगली जोडी म्हणजे उंची, शिंगे, चाल व रंग या सर्व बाबतींत एकमेकांना जुळणारे दोन बैल. उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीच्या बाजारात किंवा लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावरांची जी मोठी उलाढाल चालत आली आहे, तिच्यात जुळणाऱ्या जोडीला नेहमीच वरचा भाव मिळाला आहे. ज्या वंशाची सर्व जनावरे एकाच रंगाची, त्या वंशात जोडी लावणे सोपे जाते. कंधार, मुखेड, लोहा या भागात लाल कंधारीचा एकरंगी तांबडा वाण टिकून राहिला, त्याचे हे एक व्यावहारिक कारण मानता येते. स्थानिक परंपरा या गोवंशाचे श्रेय कंधारच्या सोमदेवराय नावाच्या राजाला देते, पण राजाश्रयाने मिळालेला आरंभ पुढे शतकानुशतके टिकवला तो शेतकऱ्यांच्या गोठ्यांनी.

देवणीचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. लातूर जिल्ह्यातील देवणी, उदगीर, निलंगा आणि शेजारच्या बीदर भागात वाढलेला हा गोवंश गीर, डांगी आणि स्थानिक जनावरांच्या संकरातून घडला, असे पशुवैज्ञानिक मानतात. त्याचे फुगीर कपाळ आणि लोंबते कान गीरची आठवण करून देतात. दूध आणि शेतीकाम ही दोन्ही कामे देणारा हा वंश आहे, आणि त्याच्यात एकच रंग न ठेवता तीन रंगप्रकार नावांनिशी जपले गेले, हे त्याचे वैशिष्ट्य आहे. संपूर्ण पांढरे अंग आणि चेहऱ्याच्या बाजू काळ्या, तो वानेरा. या नावातच काळतोंड्या वानेराची, म्हणजे लंगूर माकडाची, आठवण आहे. पांढऱ्या अंगाच्या खालच्या भागावर काळे ठिपके, तो बालंक्या; आणि सर्वांगावर अनियमित काळे पट्टे-ठिपके, तो शेवरा. एका वंशातील रंगभेदांना स्वतंत्र नावे देणे म्हणजे ते भेद वारशाने येतात आणि राखता येतात, हे ओळखणे होय. ग्रेगोर मेंडेलने वाटाण्यावरील प्रयोगांतून आनुवंशिकतेचे नियम 1866 मध्ये प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष तिकडे 1900 मध्ये गेले. पण नियम माहीत नसतानाही त्यांच्या फळांची निवड गोठ्यात चालू होती.

मेंडेलच्या नियमांपैकी रंगनिवडीला सर्वांत उपयोगी पडणारी कल्पना म्हणजे अप्रभावी गुण, अर्थात आई आणि बाप या दोघांकडून आला तरच दिसणारा, एकाकडूनच आला तर झाकून राहणारा गुण. या एका कल्पनेवर विसाव्या शतकात अमेरिकेत रंगनिवडीचा अगदी वेगळा छंद उभा राहिला. आग्नेय अमेरिकेत आढळणारा, मक्याच्या नावाने ओळखला जाणारा कॉर्न स्नेक हा बिनविषारी साप लिनियसने 1766 मध्ये शास्त्रीय नाव देऊन नोंदवला होता. 1953 मध्ये काळे रंगद्रव्य नसलेला असा एक साप निसर्गात सापडला आणि बर्नार्ड बेक्टेल या वैद्यकाने पैदास करून हा गुण अप्रभावी असल्याचे 1962 मध्ये दाखवून दिले. पुढे तांबडा रंग नसलेला प्रकारही हाती आला. या दोहोंचा संकर केल्यास पहिल्या पिढीत सर्व पिल्ले नेहमीच्या रंगाची निघतात, परंतु त्या पिल्लांच्या आपसातील पैदाशीत सरासरी सोळांपैकी एक पिल्लू काळा आणि तांबडा हे दोन्ही रंग गमावून फिकट पांढरे जन्मते. त्याला ‘स्नो’, म्हणजे बर्फ, असे नाव मिळाले. अशी शेकडो नावे आज त्या छंदात रूढ आहेत. वानेरा-शेवरा आणि ‘स्नो’ यांच्यामागील आनुवंशिकतेचे तत्त्व एकच आहे, पण प्रयोजन निराळे आहे. तेथे रंग हे साध्य आहे. मराठवाड्याच्या गोठ्यात तो साक्षीदार होता.

रंगालाच साध्य मानले की काय होते, याचे उदाहरण हर्सूलपासून दूर नाही. छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातील प्राणिसंग्रहालयात पिवळ्या वाघांबरोबर पांढरे वाघही लोकांनी पाहिले आहेत. पांढरा वाघ ही वेगळी जात नसून बंगाली वाघाचाच अप्रभावी रंगप्रकार आहे. रेवा संस्थानचे महाराज मार्तंडसिंह यांनी 1951 मध्ये पकडलेला ‘मोहन’ हा पांढरा बछडा पुढे ‘बेगम’ या पिवळ्या वाघिणीबरोबर ठेवला गेला, तेव्हा सर्व पिल्ले पिवळी निघाली. पांढरी पिल्ले मिळाली ती 1958 मध्ये, मोहनचीच मुलगी ‘राधा’ हिच्यापासून. बाप-लेकीच्या या संबंधातून सुरू झालेल्या वंशात जवळच्या नात्यातील पैदास वारंवार होत गेली आणि तिचे दोष रंगाच्या मागून आले. तिरळेपणा तर पांढऱ्या रंगाशीच बांधलेल्या दृष्टीच्या मज्जातंतूंमधील बदलामुळे येतो. गावच्या पारखीत रंग कधीच एकटा नव्हता. त्याच्या शेजारी खूर, छाती, चाल आणि दूध यांची परीक्षा उभी असे, आणि ओझे न ओढणारा सुरेख खोंड वळू म्हणून टिकत नसे.

ही जुनी व्यवस्था विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोडत गेली. ट्रॅक्टरने बैलाची गरज घटवली, कृत्रिम रेतनाने गावच्या वळूचे स्थान घेतले आणि दूधवाढीसाठी जर्सी व होल्स्टीन या विदेशी वंशांशी संकर सुरू झाला. त्या काळी त्या संकराने कित्येक कुटुंबांना रोजचे उत्पन्न दिले, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याच्याबरोबर रंगाची साक्ष दुबळी झाली. होल्स्टीनचा संकरही अनेकदा काळा-पांढरा असतो, म्हणून अंगावरचे ठिपके पाहून देवणी ओळखण्याचे दिवस मागे पडले. रंगाची जागा आता कागदाने घ्यायची होती. 1984 मध्ये राष्ट्रीय पातळीवर पशु-आनुवंशिक संसाधनांची, आज कर्नाल येथे असलेली, संस्था स्थापन झाली आणि गोवंशांच्या नोंदणीला अधिकृत चौकट मिळाली. परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय शिक्षण व संशोधनाचे लक्ष या वंशांकडे वळले. आणि 30 सप्टेंबर 2024 रोजी महाराष्ट्र शासनाने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ असा दर्जा देताना देवणी, लाल कंधारी, खिल्लार, डांगी व गवळाऊ यांचा नामोल्लेख केला.

नोंदणी आवश्यक आहे, कारण जे नाव कागदावर नाही ते धोरणातून वगळले जाते. परंतु नोंदणीतील आदर्श वर्णन वाचून केवळ रंगावर जनावर निवडण्याचा मोह वाढला, तर मराठवाड्याचे गोठेही पांढऱ्या वाघाच्या वाटेने जातील. वळू थोडे उरले असताना रंगासाठी आणखी थोड्यांवर भर देणे म्हणजे कळपाचे रक्त अरुंद करणे होय. जुन्या शेतकऱ्याने वानेरा, बालंक्या आणि शेवरा ही तीन नावे एका वंशात सामावून घेतली, त्यांतील एकाला खरे ठरवून इतरांना बाहेर काढले नाही. जतनाच्या आजच्या कामाला त्याच्याकडून घेण्यासारखे शहाणपण हेच आहे की वाण पाहावा, पण वंश तोलावा तो कामावर, दुधावर आणि दुष्काळात तगून राहण्याच्या ताकदीवर.