टाकीवर जावा, आरसी बुकात १९७८

परवा मित्राचा मुलगा मोबाइल घेऊन घरी आला. मरून रंगाची जुनी मोटरसायकल, टाकीवर चकचकीत क्रोम आणि ‘जावा’ अशी अक्षरं. मागणी दीड लाख. "काका, घेऊ का? उद्या टोकन मागतोय." दोन वर्षं पगारातून साठवलेले पैसे होते पोराचे. म्हटलं, गाडीचे फोटो राहू दे, आधी आरसी बुकाचा फोटो मागव.

या गाडीचा भाव तिच्या इतिहासात अडकलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. यानेचेक या कारखानदाराने १९२९ साली वाँडरर या जर्मन कंपनीचं डिझाइन घेऊन मोटरसायकल काढली. दोन्ही नावांची सुरुवातीची अक्षरं जोडली की झालं ‘जावा’. आपल्याकडे ती आधी आयात व्हायची. आयातीवर निर्बंध आले तेव्हा मुंबईतल्या इराणी मंडळींनी म्हैसूरला ‘आयडियल जावा’ हा कारखाना काढला आणि १९६१ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. किक आणि गिअर एकाच दांडीत, इंजिन एका सिलिंडरचं पण सायलेन्सर दोन. आवाज ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको.

पुढे जावा हे नाव वापरायचा करार संपला. १९७३ च्या सुमारास त्याच कारखान्यातून तीच गाडी ‘येझदी’ नावाने यायला लागली. सुरुवातीची येझदी म्हणजे थोडेफार फरक सोडले तर जावाच. पण कंपनीचं नाव १९९६ ला कारखाना बंद पडेपर्यंत ‘आयडियल जावा’च राहिलं. गोची इथेच आहे. येझदीच्या आरसीवरही उत्पादक म्हणून आयडियल जावा लिहिलेलं असू शकतं. विकणारा त्यावर बोट ठेवून म्हणतो, बघा, जावा आहे! तेव्हा नाव नाही, उत्पादनाचं साल बघायचं. २०१८ ला जावा नव्याने बाजारात आली आणि जुन्या गाड्यांची हौस आणखी वाढली. टाकी आणि बिल्ला बदलणं काही अवघड नाही.

साल आणखी एका कारणाने महत्त्वाचं. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. पण ती गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. ज्या मेकॅनिक लोकांनी पदरमोड करून या गाड्या भंगारात जाऊ दिल्या नाहीत, त्यांच्याकडून वीस हजार घेणं मला तरी पटत नाही. असो. आमच्या पोराला गाडी रोज कामावर न्यायची आहे, म्हणजे त्याला साधी नोंदणी चालू असलेलीच हवी.

आता भाव. माझा हिशेब उलटा असतो. कागद चोख आणि इंजिन ठणठणीत असलेली तशीच गाडी आपल्या भागात प्रत्यक्षात कितीला विकली गेली, ते दोन-तीन गॅरेजवाल्यांना विचारायचं. जाहिरातीतला आकडा धरायचा नाही. त्यातून क्रँकचं काम, क्रोम, वायरिंग, टायर यांचा खर्च वजा. मग थकलेला पर्यावरण कर आणि पुनर्नोंदणी वजा. मूळ मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी चढली पाहिजे. ते होईपर्यंत टोकनसुद्धा द्यायचं नाही. आणि बघायला जाताना सांगायचं, आम्ही येण्याआधी गाडी चालू करू नका. गेल्यावर आधी सिलिंडरला हात लावायचा. गरम लागला तर समजून जा.

संध्याकाळी आरसीचा फोटो आला. साल १९७८. म्हणजे येझदी. नाव विकणाऱ्याच्या वडिलांचं, तेही हयात नाहीत. माणूस लबाडच असेल असं नाही हं. आमच्या गावातही येझदीला सगळे जावाच म्हणतात. पण मग दीड लाख कशाचे?

पोराचा चेहरा उतरला. म्हणाला, "पण काका, चालते छान." चालत असेलही, आणि येझदी म्हणून वाजवी भावात मिळाली तर मीच घे म्हणेन. रविवारी दोघं जातोय, चॅसिस नंबरचा ठसा घ्यायला कागद आणि पेन्सिल घेऊन.